पेटीतला समाधानी ग्राहक

पाणीपुरवठा खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, तक्रार निवारण कक्षात, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर एक काचेची पेटी होती. त्या कक्षात मनापासून वाढत असलेली तेवढी एकच गोष्ट. तशा तक्रारीही वाढत असत, पण त्या मनापासून नसतात असं खात्याचं ठाम मत होतं.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद. वर काचेचं झाकण, झाकणावर पांढऱ्या उजेडाचा दिवा. तळाला दोन बोटं पाणी, पाण्याच्या वर प्लास्टिकची जाळी, आणि जाळीवर गच्च, ओलंचिंब, पोपटी रंगाचं स्फॅग्नम मॉस, दलदलीत वाढणारी इवली वनस्पती. लांबून पाहिलं तर कुणीतरी बाहुलीची गादी वाळत घालायची विसरून तिथेच ठेवलीय असं वाटे. नाक काचेला लावून पाहिलं तर चांदण्यांसारखे शेकडो इवले तुरे दिसत. झाकण उघडलं की जंगलाचा वास येई आणि आजूबाजूची तीन टेबलं क्षणभर काम थांबवत. म्हणजे ती थांबलेलीच असत, पण वास आला की त्याला कारण मिळे.

हे टेबल वरिष्ठ लिपिकांचं. खात्यात त्यांना सगळे टिप्पणीकाका म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टिप्पणी लिहिल्याशिवाय एकही कागद पुढे जाऊ दिला नव्हता, आणि टिप्पणीतून कुणाला काही कळेल असंही कधी होऊ दिलं नव्हतं. ‘अवलोकनार्थ सादर’, ‘योग्य त्या आदेशार्थ सविनय’, ‘उचित वाटल्यास विचार व्हावा’ अशी त्यांची वाक्यं होती. त्या वाक्यांवर बोट ठेवायचं म्हटलं तरी बोट घसरे.

मॉस दिलं होतं लेकीनं. ती वनस्पतिशास्त्र शिकली आणि दलदलींचा अभ्यास करायला खूप लांब गेली. जाताना औषधाच्या डबीत चिमूटभर मॉस बापाच्या हातावर ठेवून म्हणाली, “बाबा, जन्मभर फायली वाढवल्यात. आता हे वाढवून दाखवा. मी परत येईन तेव्हा पेटी भरलेली हवी.”

“त्यात काय एवढं?”

“एक अट आहे. नळाच्या पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. त्यातल्या क्षारांनी हे मरतं. पावसाचं पाणी, नाहीतर गाडीच्या बॅटरीत घालतात ते.”

“अगं, मी पाणीपुरवठ्यात आहे!”

“म्हणून तर बजावून सांगतेय.”

घरी दोन खोल्या, दोन्ही पश्चिमेला. दुपारी चारनंतर तिथे माणसं वाफवून निघत, मॉसची काय कथा? त्याला हवा गारवा. गारवा म्हटला तर सगळ्या इमारतीत मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. पण केबिनच्या दाराखाली दोन बोटांची फट होती, आणि तिच्यातून निसटणारी थंड हवा काटकोनात वळून नेमकी काकांच्या टेबलावर येई. काका बावीस वर्षं त्याच टेबलाला चिकटून का राहिले होते, बढती दोनदा का नाकारली होती, याचं उत्तर त्या फटीत होतं.

मॉस तिथे रमलं, आणि रमायलाच हवं होतं, कारण त्याचा स्वभाव खात्याला साजेसा होता. या वनस्पतीला मुळं नसतात. वरून ती हिरवीगार वाढते आणि खालून निवांत मरत जाते, पण मेलेला भाग जागा सोडत नाही. वरच्याला टेकू देत बसून राहतो. आपल्या वजनाच्या वीसपट पाणी ती पोटात धरून ठेवते आणि पिळल्याशिवाय सोडत नाही. शिवाय जे काही तिच्यात गाडलं जाईल ते शेकडो वर्षं कुजत नाही. खात्याच्या बोधचिन्हावर उडत्या जलपरीऐवजी हे मॉस का नाही, याचं काकांना मनातल्या मनात नवल वाटे. टिप्पणीत त्यांनी ते कधी लिहिलं नाही.

दर सोमवारी ते गॅरेजमधून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणत. शिपाई मामा खांद्यावरचा फडका झटकत म्हणत, “काका, गाडी नाही तुमच्याकडे, पण बॅटरी कायम चार्ज!” स्वतः मामा त्याच वेळी बाहेरून आलेला पिण्याच्या पाण्याचा मोठा जार स्टँडवर उलटा करत असत. पाणीपुरवठा खात्यात पिण्याचं पाणी बाहेरून येई. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे.

तीन वर्षांत चिमटीची मूठ झाली, मुठीची ओंजळ झाली, ओंजळीची पेटी भरली. लेकीचा फोन आला: पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेला येतेय. काका त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी एका नागरिकाची तक्रार चुकून वाचली.

आणि त्याच आठवड्यात मोठे साहेब फटीच्या अलीकडे आले.

साहेब नवे होते. वरून परिपत्रक आलं होतं की प्रत्येक कार्यालयात एक ‘हरित कोपरा’ असावा आणि त्याचा फोटो महिनाअखेर पाठवावा. साहेब हिरवं काही सापडतंय का पाहत सगळा मजला फिरले. अभिलेख कक्षातल्या भिंतीवरची ओल हिरवी होती, पण कोपऱ्यात नव्हती. मग त्यांची नजर पेटीवर पडली.

“काका, हे काय?”

“मॉस आहे साहेब. स्फॅग्नम. माझं घरचं.”

“घरचं? कार्यालयात घरचं?” साहेबांनी चष्मा वर केला. “वा! सुंदर! आजपासून हे कार्यालयाचं.”

काकांना वाटलं, कौतुक झालं. सरकारी माणूस असूनही त्यांना हा भ्रम झाला, यावरून लेक येणार म्हटल्यावर बापाचं डोकं किती हलकं होतं ते दिसतं. तासाभरात भांडारपाल जाडजूड वही घेऊन हजर. या गृहस्थांनी गेल्या सतरा वर्षांत हसण्याचा प्रसंग टाळला होता. वहीवर लिहिलं होतं: जडवस्तू संग्रह नोंदवही. तिलाच सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणत.

“वस्तूचं नाव?”

“अहो, वस्तू नाही. जिवंत आहे ते.”

“बरं.” भांडारपालांनी सावकाश लिहिलं: ‘शोभेचे जिवंत मॉस, पेटीसह, नग एक.’ मग काचेवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घातला, टेबलाला घातला होता त्याच्या पुढचा.

“डेडस्टॉकमध्ये जिवंत वस्तू चालते?” काकांनी विचारलं.

“घेताना बघत नाही. सोडताना बघतो.”

मॉस कार्यालयाचं झालं, म्हणून त्याला पाणी घालणं हेही कार्यालयीन काम झालं, आणि ते मामांकडे गेलं. सोमवारी मामा नळाखाली तांब्या भरून आले, तेव्हा काका खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली.

“मामा! थांबा! नळाचं नको!”

“लेखी आदेश आहे काका. ‘कार्यालयीन मालमत्तेस कार्यालयीन पाणी.’ माझ्या हातात काय आहे?”

“तांब्या आहे!”

“तो मी आज खाली ठेवतो,” मामा हळूच म्हणाले. “पण तुम्ही उद्याच्या आत वरून काहीतरी लिहून आणा. मी आपला हुकमाचा ताबेदार.”

काका टेबलाशी बसले आणि त्यांनी टिप्पणी लिहिली. इथे माणूस चुकला. सवयीनं ‘उचित विचार व्हावा’ एवढं लिहिलं असतं, तर ती फाईल निदान दोन वर्षं विचारात राहिली असती आणि मॉस सुखानं बॅटरीचं पाणी प्यायलं असतं. पण घाई होती, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून सरळ वाक्य लिहिलं गेलं:

‘सदर वनस्पतीस खात्याचे पाणी सोसत नाही. ते दिल्यास ती मरेल.’

फाईल दहा मिनिटांत साहेबांकडे पोहोचली. खात्याच्या इतिहासात एवढ्या वेगानं काहीच पोहोचलं नव्हतं. पाणी तर नाहीच. समासात लाल शाईनं शेरा पडला: ‘खात्याचे पाणी सोसत नाही म्हणजे काय? खुलासा व्हावा. समक्ष भेटावे.’

समक्ष भेटीत साहेब अतिशय गोड बोलले. काकांनी समोर खुर्ची असूनही बसायचं टाळलं.

“काका, तुम्ही अनुभवी. आपलं पाणी आठ लाख लोक पितात. त्यातल्या कुणी मेल्याची नोंद आहे?”

“तसा रकानाच नाही साहेब.”

“म्हणजे नाही. मग आठ लाखांना जे सोसतं, ते तुमच्या पेटीला सोसत नाही? उद्या हा कागद पेपरवाल्यांच्या हाती लागला तर मथळा काय येईल?”

मथळा दुसऱ्याच दिवशी आला: ‘पाणीखात्याच्या बाबूचाच पाण्यावर अविश्वास!’ कागद कुणी फोडला ते कळलं नाही. फोडणाऱ्याचा शोध घ्यायला समिती नेमली गेली आणि ती अजून बसलेली आहे, म्हणजे त्यानंतर उठलेली नाही.

आता प्रश्न खात्याच्या इभ्रतीचा झाला. प्रयोगशाळेच्या बाईंना बोलावणं गेलं. बाई स्पष्टवक्त्या होत्या, म्हणून त्यांना तळघरात बसवलेलं होतं. येताना त्या कार्यालयाची विजेची किटली हातात घेऊन आल्या आणि ती साहेबांच्या टेबलावर उघडी केली. आत पांढऱ्या थराची भिंत होती, लेण्यासारखी.

“हे आपल्या पाण्यातले क्षार. माणसाला चालतात. मॉसला नाही. त्याला मुळं नाहीत, ते सगळ्या अंगानं पाणी पितं. हेच अंगावर चढून ते गुदमरणार.”

“पण तुमच्या रोजच्या दाखल्यात पाणी ‘योग्य’ आहे.”

“छापील नमुन्यात दोनच पर्याय आहेत साहेब. ‘योग्य’ आणि ‘अत्यंत योग्य’. माझ्याच्यानं होईल तेवढं कठोर मी लिहिते.”

साहेबांनी किटली बंद केली, मामांना हाक मारली आणि नवी किटली मागवायला सांगितली. किटलीचा प्रश्न असा सुटला. मॉसचा प्रश्न सोडवायला ‘जाहीर चाचणी’ ठरली: एकवीस दिवस मॉसला फक्त खात्याचं पाणी, तेही पत्रकारांसमोर, बाविसाव्या दिवशी समितीची पाहणी, तेवीस तारखेला अहवाल. लेक येणार चोवीसला. समितीत साहेब अध्यक्ष, भांडारपाल सदस्य, प्रयोगशाळेच्या बाई सदस्य पण मत नसलेल्या, आणि सचिव, म्हणजे अहवाल लिहिणारे, टिप्पणीकाका.

इतक्यात एक तांत्रिक अडचण उपस्थित झाली. नियमाप्रमाणे खात्याचं पाणी फक्त ग्राहकाला देता येतं. मॉस ग्राहक नव्हतं. जोडणीशिवाय पाणी घेणं ही चोरी, आणि पत्रकारांसमोर चोरी नको. सबब मॉसला ग्राहक क्रमांक देण्यात आला. अर्जात ‘कुटुंबातील व्यक्ती’ या रकान्यात काकांनी तुऱ्यांचा अंदाज लिहिला: सुमारे चौदाशे. त्यावर ‘छोटे कुटुंब ठेवावे’ असा शिक्का आपोआप पडला. सही कुणाची घ्यायची यावर भांडारपाल अडले. मामांनी पेटीत हात घालून एक तुरा खुडला, शिक्क्याच्या निळ्या पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. चांदणी छान उमटली.

“साहेबांच्या सहीपेक्षा वाचता येते,” मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी काकांनी पानावरून हात मागे घेतला. बायकोनं एक शब्द न विचारता ताट झाकलं आणि मग सगळेच शब्द एकदम विचारले.

“अहो, उचलून घरी आणा की ती पेटी! कुणाच्या बापाची आहे?”

“खात्याची आहे. डेडस्टॉकला चढलीय. आणली तर चोरी होते. निवृत्तीला तीन महिने राहिलेत माझ्या.”

“मग खात्याच्या नावावरून काढून टाका.”

“ते विचारलं. निर्लेखित करायचं तर वस्तू निकामी, म्हणजे मेलेली, असा दाखला लागतो.”

“मग घ्या दाखला!”

“मेल्यावर मिळतो.”

“मग मेल्यावर आणून काय त्याचे पापड लाटू?” बायको कडाडली. मग जरा वेळानं, आवाज उतरवून म्हणाली, “पोरगी दर रविवारी आधी त्याची खुशाली विचारते, मग माझी. तिला काय सांगणार आहात?”

काका पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीवरचा पाण्याचा फिल्टर गुरगुरत होता. ते घर गेली नऊ वर्षं खात्याच्या नळाचं पाणी त्या यंत्रातून तीनदा गाळून, क्षार काढल्याशिवाय पीत नव्हतं, हे इथे नुसतं सांगून ठेवतो.

चाचणी थाटात सुरू झाली. साहेबांनी नळाखाली चांदीचा मुलामा दिलेला पेला भरला, फोटोसाठी दोनदा रिकामा करून तिसऱ्यांदा भरला आणि मॉसवर ओतला. टाळ्या झाल्या. साहेबांचा घसा कोरडा पडला, तेव्हा मामांनी त्यांना जारमधलं पाणी दिलं. पत्रकारांनाही तेच दिलं. एकाही पत्रकाराला त्यात बातमी दिसली नाही. ऊन फार होतं.

पाचव्या दिवशी तुऱ्यांची टोकं पिवळसर झाली. काकांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, “ऋतुमानाप्रमाणे.” नवव्या दिवशी मधला भाग तपकिरी पडला. साहेब म्हणाले, “परिपक्वता.” बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर जंगलाचा वास गेला होता, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा वास आला. आजूबाजूच्या तीन टेबलांनी या वेळी खरोखरच काम थांबवलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

काका मात्र जागचे हलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते पेटीशी बसत आणि बोटानं एकेक तुरा वर करून पाहत. दोनदा त्यांनी खिशातून बॅटरीच्या पाण्याची छोटी बाटली काढली आणि दोन्ही वेळा समोर भांडारपाल उभे होते. तिसऱ्यांदा भांडारपाल म्हणाले, “काका, मला दोन मुली आहेत. मला कळतं. पण बाटली आत ठेवा.”

आणि पंधराव्या दिवशी चमत्कार झाला. पेटी पुन्हा हिरवी दिसू लागली.

साहेब धावत आले. खरोखरच हिरवी! पूर्वीच्या पोपटी रंगापेक्षा गडद, चकचकीत, काचेवरसुद्धा चढलेली हिरवळ. अठराव्या दिवशी तर आतलं काही दिसेनासं झालं, इतकी हिरवी. काकांनी झाकण उघडून बोट लावलं. बोटाला बुळबुळीत तार आली.

“साहेब, हे मॉस नाही. मॉस मेलंय. त्याच्या अंगावर हे शेवाळ चढलंय. आपल्या टाक्यांत साचतं ना, ते. ज्याच्यासाठी आपण दरवर्षी निर्मूलन पंधरवडा करतो, ते!”

“रंग कोणता आहे काका?”

“हिरवा, पण...”

“पेटी रिकामी आहे?”

“नाही, पण...”

“वाढतंय?”

“फार वाढतंय, पण...”

“तीनही निकष पूर्ण. ‘पण’ हा निकष नाही.” साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. हात जारच्या पाण्याइतका गार होता. “तुमची निवृत्तीवेतनाची फाईल माझ्याच टेबलावर आहे. अजिबात काळजी करू नका. तो अहवाल आला की दोन्ही फायली बरोबरच वर पाठवू. जोडीनं गेलेल्या बऱ्या.”

बाविसाव्या दिवशी समितीनं नाकाला रुमाल लावून पाहणी केली. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, “हे मेलेलं आहे.” इतिवृत्तात नोंद झाली: ‘तज्ज्ञ सदस्यांनी मार्गदर्शन केले.’ भांडारपालांनी काचेवरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला, तो जुळला. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं.

सचिव रात्रीपर्यंत थांबले नाहीत; कामाच्या वेळेतच, दुपारी सव्वातीनला त्यांनी कोरा कागद ओढला. एकदा खिडकीकडे पाहिलं. एकदा फटीकडे पाहिलं. मग एकतीस वर्षांचा हात आपोआप चालू लागला: ‘उपरोक्त विषयास अनुसरून, खात्याच्या पाण्याच्या नियमित वापरानंतर पेटीतील हरित घनतेत पूर्वीच्या तुलनेत लक्षणीय वाढ दिसून येते. ग्राहकाची कोणतीही तक्रार प्राप्त नाही.’

यात एक शब्द खोटा नव्हता. यालाच म्हणतात कौशल्य.

चोवीस तारखेला लेक स्टेशनवरून घरी गेलीच नाही. पाठीवर बोजा तसाच घेऊन ती तिसऱ्या मजल्यावर आली. पेटीला आता लाल फीत होती आणि पुढे पाटी होती: ‘खात्याच्या पाण्यावर बहरलेले मॉस. हात लावू नये.’ लेकीनं पाटी वाचली, वास घेतला, झाकण उघडलं, मनगटापर्यंत हात घातला.

“बाबा. हे गेलंय.”

“अहवालानुसार नाही,” काका म्हणाले.

वाक्य तोंडातून निसटलं आणि आपलंच वाक्य ऐकून ते एकदम खाली बसले.  लेक त्या बुळबुळीत चिखलात बोटांनी चाचपत राहिली, खाली, अगदी जाळीपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात. फटीच्या बाजूच्या कोपऱ्यात तिची बोटं थांबली.

“एखाद्या वेळी,” ती हळू म्हणाली, “मेलेल्या देठातनंसुद्धा फुटतं.”

दारात भांडारपाल उभे होते. पाटीवर ‘हात लावू नये’ लिहिलेलं होतं. लेकीनं तपकिरी देठांची एक चिमूट वर काढली, पॅन्टला पुसली आणि काकांच्या टेबलाच्या खणातून तीच जुनी औषधाची डबी काढली. कार्यालयीन मालमत्तेचा हा सरळसरळ अपहार होता आणि काका वरिष्ठ साक्षीदार होते. काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचं दिसत नाही, असा वैद्यकीय दाखलाच त्यांच्या सेवापुस्तकात होता. पुसायला बराच वेळ लागला. काचा ओल्या झाल्या होत्या. भांडारपालांनी वही उघडली, नोंद वाचली आणि स्वतःशी म्हणावं तसे म्हणाले, “पेटीसह नग एक. पेटी आहे. नग आहे.” आणि सतरा वर्षांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी झालं. ते हसू असावं. सरावाअभावी नीट ओळखू आलं नाही.

दोन्ही फायली जोडीनं वर गेल्या. काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना पेटीचा फ्रेम केलेला फोटो दिला.

डबी घरी स्वयंपाकघरात आली, काचेच्या बरणीत रिकामी झाली आणि फ्रिजच्या शेजारी टेबललॅम्पखाली बसली; दुपारी चारनंतर बरणी फ्रिजमध्ये जाई. लेक फिल्टरच्या नळीखाली वाटी धरी आणि चमच्यानं पाणी घाली. बायको म्हणे, “घ्या! आता पिण्याच्या पाण्यातही वाटेकरी!” पण तिसऱ्या आठवड्यापासून बरणीत आधी डोकावायची तीच. सहाव्या आठवड्यात तिनंच हाक मारली. तपकिरी देठाच्या बगलेतून टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी आलं होतं. पोपटी. तिघंही बराच वेळ ओणवे होऊन पाहत राहिले, आणि फिल्टर गुरगुरत राहिला.

तेवढ्यात बेल वाजली. खात्याचा माणूस पाहणीला आला होता. हातात ‘ग्राहक समाधान पत्रक’. पर्याय दोन: ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’. खाली बारीक अक्षरांत तिसरा: ‘इतर (कारणांसह, तीन प्रतींत, समक्ष).’

काकांनी पत्रक ओट्यावर ठेवलं, पेन काढलं आणि ‘अत्यंत समाधानी’समोर ठसठशीत खूण केली.

“अहो,” बायको कुजबुजली, “हा डोक्यावर एवढा फिल्टर लावलाय, आणि हे काय लिहिता?”

“खरं लिहिलं होतं एकदा,” काका म्हणाले. “एक पेटी गेली. आता बरणी तरी राहू दे.”

वर्षअखेर खात्याचा अहवाल निघाला. अठ्ठ्याण्णव टक्के ग्राहक समाधानी. त्यात एक मॉस होतं, निळ्या चांदणीची सही करणारं. एक टिप्पणीकाका होते. बाकीच्यांची पत्रकं तिसऱ्या मजल्यावर पेटीच्या शेजारी जपून ठेवली आहेत. परवा जाऊन चाळून आलो. वरून पाचवंच तुमचं होतं.

सही छान करता हो तुम्ही.